‘ये’ म्हटल्याशिवाय नाही

चिऊ पहिल्या दिवशी तलावाच्या दारातच रडायला लागली. पाणी अजून दिसलंही नव्हतं. आईच्या कडेवर होती, दार उघडलं, क्लोरीनचा वास आला आणि तिने आईच्या गळ्याला मिठी मारून असा टाहो फोडला की बाकावरच्या दोघीतिघी आपापली पोरं घेऊन लांब सरकल्या. वय वीस महिने. चालणं पक्कं, बोलण्यात पंधरा-वीस शब्द. त्यातला एक ‘नको’.

मी पुण्यात एका बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावावर लहान मुलांची पाण्याशी ओळख करून देते. चार वर्षांच्या आतल्या मुलांना ‘पोहायला शिकवते’ असं मी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते पुढे येईलच. चिऊ हे खरं नाव नव्हे. घरच्यांना विचारून लिहिते आहे.

वासाचं आधी सांगते. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो उग्र दर्प. चांगल्या राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. त्या दिवशी आमच्याकडे येत होता, कबूल आहे. रविवारच्या गर्दीनंतरचा सोमवार होता.

पण चिऊला तो वास ओळखीचा होता. दीड वर्षाची असताना तिला दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथल्या प्रशिक्षकांनी ‘एकदा भीती मेली की झालं’ म्हणत पहिल्याच तासाला तिला तीनदा पाण्याखाली नेऊन वर काढलं. तान्हं बाळ पाण्याखाली गेलं की आपोआप श्वास रोखतं, हा त्यामागचा आधार. त्यात तथ्य आहे. घशाशी पाणी लागलं की लहान बाळाची श्वासाची वाट मिटते, ठोके मंदावतात. पण ही प्रतिक्षिप्त क्रिया पहिल्या सहा महिन्यांनंतर ओसरत जाते, दीड वर्षाच्या मुलीला तिचा भरवसा देता येत नाही. आणि श्वास रोखला म्हणजे पाणी गिळलं नाही, असंही नाही. तान्ह्या मुलाच्या पोटात फार पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून आकडी येऊ शकते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांच्या पोहण्याच्या वर्गांनंतर अशा घटना नोंदल्या गेल्या होत्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाण्याखाली नेऊ नका, हे मी पालकांना त्यामुळेच सांगते. चिऊच्या पोटात फार पाणी गेलं नसावं. मनात मात्र गेलं होतं.

आईबाबा दोघेही नोकरी करणारे, राहायला सिंहगड रोडला. सोसायटीत तलाव आहे आणि घराच्या बाल्कनीतून तो दिसतो. ‘उद्या ही धावत जाऊन पडली तर?’ ही त्यांची काळजी. दिवसा चिऊ आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे. दुसऱ्या भेटीला आजी बरोबर आल्या, पण आत आल्या नाहीत. दाराबाहेर खुर्ची मागून घेतली आणि मला म्हणाल्या, “ताई, पाण्याशी मस्करी नको. आम्ही पाणी पाहिलंय.”

पुण्यात सत्तरीचं माणूस असं म्हणालं की काय विचारायचं ते कळतं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आजी तेव्हा सात वर्षांच्या, घर शनिवार पेठेत नदीच्या अंगाला. वडिलांनी खांद्यावर घेऊन पर्वतीकडे नेलं. माणसं वाचली, घर गेलं. पुढे आपल्या मुलांना त्यांनी कधी तलावावर पाठवलं नाही. चिऊची आई आज अडतीस वर्षांची आहे आणि गोव्याच्या समुद्रात गुडघ्याच्या वर कधी उतरलेली नाही. आपल्याला पाणी आवडत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

वडिलांकडचे आजोबा याच्या अगदी उलट. ते पर्वतीजवळ कॅनॉलवर पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. फोनवर मला म्हणाले, “डबा बांधा आणि सोडून द्या. आठ दिवसांत पोहते की नाही बघा!” गावाकडे विहिरीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा असायचा नाहीतर वाळलेला भोपळा, शहरात डबा. या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही, आपल्याकडच्या कित्येक पिढ्या तशाच शिकल्या. फक्त ती मुलं सात-आठ वर्षांची असायची, सांगितलेलं त्यांना समजायचं, आणि पाण्यात दोन-चार काका-मामा आधीच उतरलेले असायचे. जागतिक आरोग्य संघटनाही पोहण्याचं आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचं मूलभूत शिक्षण सहा वर्षांपासून पुढे द्यायला सांगते. त्याआधीच्या मुलांसाठी तिचा भर देखरेखीवर आहे.

पहिले दोन आठवडे मी तलाव बंद केला. काम घरी, आणि मास्तरीण आजी.

आपल्याकडे बाळाला आंघोळ घालायची रीत आठवा. बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथं घेते, आणि डोक्यावरून एकामागून एक तांब्ये. बाळ रडतं. आपण म्हणतो, रडू दे, छाती मोकळी होते. आंघोळ झाल्यावर धुरी, तीट, दृष्ट, सगळं लाडाने होतं. तरी पाणी न विचारता अंगावर येतं, ही पहिली ओळख तिथेच होते. मला ही ओळख तेवढी बदलायची होती. आजींना सांगितलं, तांब्या अर्धाच भरा. आधी तो चिऊला दाखवा. मग नाव घेऊन, एकाच सुरात, ‘चिऊ, तयार, एक, दोन, तीन’ आणि टाळूच्या मागून पुढे पाणी सोडा, एवढंच, क्षणभर. लगेच तोंड पुसू नका. ‘नको’ म्हणाली तर त्या दिवशी डोक्यावरून नाही, खांद्यावरून. पण तीन म्हटल्याशिवाय कधीच ओतायचं नाही, आणि तीन म्हटल्यावर मागे घ्यायचं नाही.

नवव्या दिवशी आजींचा फोन आला. “अहो ताई, तीन म्हटलं की तोंड मिटते हो! डोळेसुद्धा!” सत्तर वर्षांच्या, पाण्याला घाबरणाऱ्या बाईंनी नातीला श्वास रोखायला शिकवलं, तेही न्हाणीघरात, तांब्याने. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात इतकी चोख शिकवणारी मदतनीस मला मिळालेली नाही.

याच दोन आठवड्यांत मी चिऊच्या आईबाबांकडून त्यांच्या न्हाणीघराचा फोटो मागवला होता. पाणी सकाळीच येतं म्हणून तीन बादल्या आणि एक पिंप काठोकाठ भरलेलं, दाराला आतून कडी, बाहेरून काही नाही. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला की डोकं खाली, पाय वर, आणि हातांनी रेटून बाहेर यायची ताकद नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं. बाल्कनीतून दिसणाऱ्या तलावाची काळजी करणाऱ्या घरात धोका चिऊच्या पाळण्यापासून आठ पावलांवर होता. बादल्या रिकाम्या आणि उपड्या, पिंपाला घट्ट झाकण, दाराला बाहेरून वर कडी. माझी फी द्यायच्या आधी हे करा, म्हटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी सुताराला बोलावलं.

तिसऱ्या आठवड्यात तलावावर आलो. वेळ मुद्दाम दुपारच्या झोपेनंतरची. आमच्या छोट्या तलावाचं पाणी ३२ अंशांच्या आसपास असतं. मोठ्या माणसांच्या तलावाचं २७-२८ अंश पाणी आपल्याला सुखाचं वाटतं, पण एवढ्याशा अंगातली ऊब त्यात भराभर जाते. ओठ निळसर झाले किंवा हनुवटी थरथरली की तास संपला, घड्याळात दहाच मिनिटं झाली असली तरी. एरवीही पंचवीस मिनिटांपुढे नाही. आजींचा प्रश्न ठरलेला, सर्दीचा. सर्दी विषाणूने होते, पाण्याने नाही, हे मी सांगितलं, आणि बाहेर आल्यावर लगेच कोरडं करून टोपी घाला हेही सांगितलं. दुसरं सांगितल्याशिवाय पहिलं त्यांना पटलं नसतं. पोहण्याच्या लंगोटाबद्दलही सगळ्यांचा गैरसमज असतो. तो शी फार तर थोपवून धरतो, जंतू नाही. जुलाब होत असतील तर मूल तलावात येणार नाही, यावर मी वाद घालत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही दहा दिवसांहून जास्त टिकू शकतो.

आई चिऊला घेऊन पायऱ्या उतरली आणि मला गाठ कुठे आहे ते दिसलं. मुलगी जितकी घाबरलेली होती त्याहून तिला धरणारे हात. बोटं काखेत रुतलेली, कोपरं छातीशी, खांदे कानांपर्यंत. स्वतः कमरेइतक्या पाण्यात ताठ उभी, त्यामुळे चिऊ अर्धी हवेत, अर्धी पाण्यात. असं धरलेलं मूल काय समजणार? इथे काहीतरी भयंकर आहे, एवढंच.

पुढच्या तासाला मी चिऊला पाण्यात घेतलंच नाही. ती बाबांबरोबर काठावर बसली, बादली-मगशी खेळत, आणि पाण्यात फक्त आई. पैसे मुलीचे घेता आणि शिकवता मला, असं ती हसत म्हणाली. मी तिला गुडघे वाकवून हनुवटीपर्यंत पाण्यात आणलं. तोंडाने बुडबुडे. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून उताणं तरंगणं. दोनदा ती उसळून उठली. तिसऱ्यांदा कान पाण्यात गेले आणि ती गप्प राहिली, बराच वेळ. काठावरून चिऊ बघत होती. तास संपताना तिने मगमधलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, “तीन.”

तिथून काम सोपं झालं. आई पाण्यात खाली बसलेली, तिचे डोळे चिऊच्या डोळ्यांच्या पातळीला, तळवे नुसते बरगड्यांखाली. बुडबुडे. काठ धरून आडवं सरकणं, त्याला आम्ही खेकडा म्हणतो. आईच्या खांद्यावर डोकं टेकून उताणं पडणं. ते तिला शेवटपर्यंत फारसं रुचलं नाही. दहाव्या तासापर्यंत चिऊ काठावरून आईच्या हातात उड्या मारायला लागली. सगळे टाळ्या वाजवायचे. बाबा व्हिडिओ काढायचे, ते साताऱ्याला वडिलांकडच्या आजोबांना जायचे. मीही खूश होते. इथेच माझं चुकलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, सोसायटीत. चिऊ आणि बाबा छोट्या तलावातून बाहेर आले होते. बाबा तिच्यापासून पाच-सहा फुटांवर, टॉवेल झटकत होते. मधे फोन वाजला म्हणून मान खाली घातली. चिऊ मोठ्या तलावाच्या काठाशी गेली आणि सरळ पाऊल टाकलं.

ओरडा नाही, हातपाय आपटणं नाही. आवाजच झाला नाही. बुडणारं मूल हाका मारतं ही आपली समजूत सिनेमातली आहे. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, हाका कुठून मारणार? बाबांनी वर पाहिलं तेव्हा ती पाण्याखाली होती, उभी, शिडी चढावी तसे हात हलवत, डोळे उघडे. त्यांनी कपड्यांसकट उडी मारली. पाच-सहा सेकंद गेली असतील, असं ते सांगतात. सोसायटीच्या कॅमेऱ्यात अकरा आहेत.

चिऊ खोकली, रडली, ओकली. शेजारचे एक काका तिला उलटं धरून पोट दाबायला निघाले, आईने हात धरून थांबवलं. ते बरोबर केलं. उलटं धरून फुप्फुसातलं पाणी निघत नाही. पोटातलं निघतं आणि ते श्वासनलिकेत जायची भीती असते. मूल श्वास घेत नसेल तर सगळ्यात आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन. चिऊ श्वास घेत होती. तरी खोकला थांबेना म्हणून तासाभरात दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्राणवायूचं प्रमाण पाहिलं, छाती तपासली, काही तास ठेवून घेतलं आणि रात्री घरी सोडलं. तोवर कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘कोरडं बुडणं’ नावाचा, चार दिवसांनी अचानक दगावणाऱ्या मुलांचा संदेश येऊन पडला होता. वैद्यकशास्त्राने हा शब्द सोडून दिलेला आहे. पाणी छातीत गेल्याचा त्रास व्हायचा असेल तर तो पहिल्या काही तासांतच दिसू लागतो: थांबत नसलेला खोकला, धाप, मलूलपणा. तो दिसला की वाट बघायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले. आजी ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणतील याची मनाशी तयारी करून गेले होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत. चहाचा कप पुढे सरकवून म्हणाल्या, “तिची भीती तुम्ही काढलीत. त्या जागी काय ठेवलंत?”

मला उत्तर देता आलं नाही. मी उडी शिकवली होती, थांबणं शिकवलं नव्हतं. दहा तास तिने काठ आणि पाणी यांच्यामध्ये एकच गोष्ट पाहिली होती: मजा. खालचे हात कधी असतात आणि कधी नसतात, हा फरक तिला कोणी दाखवलाच नव्हता. दोन वर्षांच्या आतल्या मुलीला तो आपणहून कळणार नाही.

आई त्या दिवशी एक आकडा घेऊन बसली होती. कुठेतरी वाचलं होतं, पोहण्याच्या वर्गाने बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी होतो. मग हे कसं झालं? तो आकडा खरा आहे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातला, एक ते चार वर्षांच्या मुलांचा. पण त्यात या वयाची मुलं थोडी होती, त्यामुळे खरा परिणाम ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, असं त्याच अभ्यासाची आकडेमोड सांगते. जाहिरातीत ८८ छापतात, बाकीचं गाळतात. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘चार वर्षांच्या आत वर्ग नकोत’ ही आपली जुनी भूमिका सैल केली, आणि २०१९ पासून ती एक वर्षापुढच्या बऱ्याच मुलांना वर्गाचा उपयोग होऊ शकतो असं म्हणते. एक वर्षाच्या आत मात्र वर्गामुळे बुडणं टळतं याचा पुरावा नाही, हेही तीच सांगते. वर्ग हा एक थर. त्यावर कुंपण, फाटक, आणि हाताच्या अंतरावरचं मोठं माणूस. मी पहिल्या दिवशी हे तोंडी सांगितलं होतं. आपण काय सांगितलं यापेक्षा काय करून दाखवलं तेच लोक घेऊन जातात, आणि मी उड्या करून दाखवल्या होत्या.

पुन्हा सुरुवात केली ती काठापासून. नियम एकच. पाण्याजवळ आलो की खाली बसायचं, हात मांडीवर. मोठं माणूस पाण्यात उभं राहून तिच्याकडे बघेल आणि ‘ये’ म्हणेल. त्याआधी नाही. हा नियम तलावावर, सोसायटीत, आणि आजींच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावरसुद्धा. पहिल्या दिवशी दोन सेकंद बसली. न विचारता आत आली तर कोणी रागवायचं नाही, कोणी हसायचंही नाही. उचलून परत काठावर. हसणं बंद करणं सगळ्यांना जड गेलं, कारण ती खरंच गोड दिसायची. महिन्याभराने दहापर्यंत मोजेपर्यंत बसायला लागली.

उडीच्या जागी वळणं आणलं. पाण्यात आली की मी तिला हळूच फिरवून काठाकडे तोंड करायचे, काठ तिने धरायचा, मग कोपर, कोपर, पोट, गुडघा, आणि बाहेर. हे शंभरदा झालं असेल. दिसायला अगदी कंटाळवाणं, व्हिडिओ कोणी काढत नाही.

मोठ्यांचेही नियम ठरले. आजोबांनी दिवाळीला दिलेल्या हवेच्या बाह्या मी परत पाठवल्या. बाह्यांमुळे मूल पाण्यात उभं लटकतं आणि बाह्या नसतानाही आपण तरंगू असं त्याला वाटायला लागतं. मानेभोवती घालायच्या हवेच्या कड्यांबद्दल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता, आपल्याकडे त्या अजून ऑनलाइन सर्रास मिळतात. सोसायटीत तलावावर जाताना आता एक जण राखणीवर असतो. त्याच्या मनगटात लाल रबर, फोन पिशवीत. दुसऱ्याकडे काम द्यायचं तर रबर काढून त्याच्या मनगटात घालायचं आणि ‘आता तू’ म्हणायचं. चार मोठी माणसं जवळ असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. ते रबर त्यावर आहे. ही कल्पना बाबांची. त्या अकरा सेकंदांबद्दल ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

थंडीत आमचा हीटर दीड महिना बिघडला होता, तास बंद राहिले. फेब्रुवारीत चिऊ परत आली, अडीच वर्षांच्या आतबाहेर. उताणं तरंगणं साफ विसरलेली. बुडबुडे काढायला तयार नाही. खेकडा दोन हातांवरच थांबला. या वयात असंच होतं, महिनाभर सुटलं की बरंचसं पुसलं जातं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

पण आल्याबरोबर काठाशी गेली, बसली, हात मांडीवर ठेवले. आजी त्या दिवशी आत आल्या होत्या, बाकावर, पाय जमिनीला न टेकवता. मी पाण्यात उतरले, तिच्याकडे पाहिलं, मनात दहा मोजले आणि ‘ये’ म्हटलं.

ती आली नाही. अजून विचार करत होती.